मराठी ॲनिमे सबटायटल: कोणता फॉरमॅट निवडायचा आणि अक्षरं का तुटतात?

गेल्या दिवाळीत वरवंडला घरी गेलो होतो. एका जपानी ॲनिमेपटाचं मराठी सबटायटल मी तीन आठवडे बसून केलं होतं, हजारभर ओळी. लॅपटॉपवर एकदम झकास दिसत होतं. म्हटलं, आजी आणि सातवीतला चुलत भाऊ, दोघांना टीव्हीवर दाखवू. व्हिडिओ आणि सबटायटलची फाइल पेन ड्राइव्हवर टाकली, ड्राइव्ह टीव्हीला लावला, पिक्चर सुरू झाला आणि आजी म्हणाली, "आरं, ह्ये काय किडं पडल्यात का टीव्हीत?"

'निघाली'ची पहिली वेलांटी 'न'च्या मागे जाऊन बसली होती. 'क्षमा' फुटून 'क्' आणि 'ष' वेगळे झाले होते. 'ॲ'च्या जागी तर सरळ चौकोन. आजीला इंग्रजी येत नाही आणि हिंदीचं सबटायटल वाचेपर्यंत पुढचं दृश्य येतं. म्हणजे ज्यांच्यासाठी मराठी केलं त्यांनाच ते वाचता येईना. भावानं दहा मिनिटांत मोबाइल काढला.

चूक भाषांतरात नव्हती, टीव्हीतही तशी नव्हती. मी फॉरमॅट माझा लॅपटॉप बघून निवडला होता, बघणाऱ्याचा पडदा बघून नाही. इंग्रजी सबटायटल करणाऱ्याला हे चालून जातं, कारण रोमन अक्षरं कुठेही सुटी सुटी उमटतात. देवनागरीचं तसं नाही. म्हणून हा लेख. इंटरनेटवरचे बहुतेक 'बेस्ट फॉरमॅट' सल्ले रोमन लिपी गृहीत धरून लिहिलेले असतात, ते आपल्याला अर्धेच कामाला येतात.

घाईत असाल तर उत्तर आधीच सांगतो. मूळ प्रत एमकेव्हीमध्ये ठेवा, आत एएसएस सबटायटल आणि फॉन्ट जोडलेला. तीच वाक्यं एसआरटीमध्ये वेगळी काढून ठेवा. आणि ज्या पडद्याचा भरवसा नाही त्याच्यासाठी अक्षरं चित्रात भाजलेली एमपी४ प्रत करा. आता यामागचं कारण बघू.

डबा वेगळा, भाजी वेगळी

"माझ्या फोनमध्ये एमकेव्ही चालत नाही" असं कोणी म्हटलं की समजायचं, गडी डब्याला दोष देतोय, बिघाड भाजीत आहे. एमकेव्ही, एमपी४, वेबएम हे डबे आहेत. डब्यात काय भरलंय हे त्यांच्या नावावरून कळत नाही. आतलं चित्र एच.२६४ असेल, एचईव्हीसी असेल किंवा एव्ही१ असेल. आवाज एएसी असेल किंवा ओपस. फोन अडतो तो सहसा या आतल्या मालावर. व्हीएलसीमध्ये फाइलची माहिती उघडली की आत काय आहे ते दिसतं. मीडियाइन्फो नावाचं ॲपही तेच काम करतं.

एमकेव्हीचं खरं नाव मात्रोष्का, म्हणजे ती एकात एक बसणारी रशियन बाहुली. २००२ पासून हा डबा आहे आणि ॲनिमेवाल्यांनी तो उचलून धरला त्याला कारण आहे. त्यात हवे तितके आवाज, हव्या तितक्या भाषांची सबटायटलं आणि शिवाय फॉन्टच्या फाइल्स जोडता येतात. हा शेवटचा मुद्दा आपल्यासाठी सोन्यासारखा. समोरच्याच्या फोनमध्ये चांगला मराठी फॉन्ट असो वा नसो, प्लेअर डब्यातलाच फॉन्ट वापरतो.

एमपी४ जास्त ठिकाणी चालतो, पण त्यात सबटायटल म्हणजे साध्या अक्षरांचा एक ट्रॅक, बस्स. सजावट नाही, फॉन्ट जोडणं नाही. एएसएस सबटायटल एमपी४मध्ये टाकायला गेलात तर सगळी मांडणी गळून पडते. वेबएम हा वेबसाइटसाठीचा डबा. फोनवर बघण्यासाठी त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

एक छोटी गोष्ट लक्षात ठेवा. डबा बदलायला व्हिडिओ परत बनवावा लागत नाही. एमकेव्हीटूलनिक्स हे फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात व्हिडिओ, सबटायटल आणि फॉन्ट टाकले की काही सेकंदांत नवी एमकेव्ही तयार होते. चित्राच्या दर्जाला धक्का लागत नाही, कारण भाजी फक्त एका डब्यातून दुसऱ्या डब्यात गेलेली असते. याला रीमक्स म्हणतात. पुष्कळ पोरं यासाठी उगाच 'व्हिडिओ कन्व्हर्टर' ॲप टाकतात, फोन तापवतात आणि चित्रही खराब करून घेतात.

चित्राचा फॉरमॅट: फोन बघून ठरवा

ॲनिमेचं चित्र दाबायला सोपं असतं. सपाट रंग, ठळक रेषा, तेच पार्श्वचित्र कितीतरी वेळ. त्यामुळे कमी एमबीमध्येही ते चांगलं दिसतं. अडचण येते ती आकाशात. संध्याकाळचं आभाळ, धुकं, रात्रीचा निळा रंग, जिथे एक छटा हळूहळू दुसरीत जाते तिथे पट्टे पट्टे दिसायला लागतात. ८-बिट व्हिडिओत प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १०-बिटमध्ये १०२४. पायऱ्या बारीक झाल्या की पट्टे कमी होतात. म्हणूनच २०११च्या सुमारास जगभरच्या चाहत्या भाषांतरकारांनी १०-बिट एच.२६४ वापरायला सुरुवात केली, ज्याला हायटेनपी म्हणतात.

मात्र हा प्रकार फोनसाठी वाईट. फोनच्या चिपमध्ये व्हिडिओ उलगडायचा एक वेगळा भाग असतो, तो कमी बॅटरीत काम करतो. बहुतेक फोनमधला हा भाग १०-बिट एच.२६४ ओळखतच नाही. मग सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो, फोन तापतो, बॅटरी पळते, स्वस्त फोनवर चित्र अडखळतं. जुन्या ॲनिमेची फाइल तुमच्या फोनवर विनाकारण अडखळत असेल तर पहिला संशय हाच घ्या.

गंमत म्हणजे १०-बिट एचईव्हीसी मात्र गेल्या सात-आठ वर्षांतल्या बहुतेक फोनवर आरामात चालतं. म्हणजे '१०-बिट' हा शब्द बघून घाबरायचं नाही, त्याच्याआधी काय लिहिलंय ते बघायचं. एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, २०१३ साली आलं. ॲनिमेसाठी ते एच.२६४च्या साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांश जागेत तेवढंच चांगलं चित्र देतं.

एव्ही१ २०१८चं. जागा आणखी वाचवतं आणि वापरायला रॉयल्टी लागत नाही. पण ते उलगडणारा भाग चिपमध्ये असायला हवा. मीडियाटेकनं तो डायमेन्सिटी १०००मध्ये आणला, क्वालकॉमच्या मोठ्या चिपमध्ये तो स्नॅपड्रॅगन ८ जेन २पासून, म्हणजे २०२२च्या शेवटी आला. तुमच्याकडे दहा-बारा हजारांचा तीन-चार वर्षं जुना फोन असेल तर हा भाग नसण्याचीच शक्यता जास्त. तरी ७२०पी एव्ही१ नुसत्या प्रोसेसरवरही बऱ्यापैकी चालतं, १०८०पीला दम लागतो.

किती रिझोल्यूशन घ्यावं? माझं स्पष्ट मत: फोनसाठी ७२०पी. साडेसहा इंची पडद्यावर, त्यातही केडगावहून पुण्याला जाणाऱ्या गाडीत, एका हातानं दांडी धरून बघताना ७२०पी आणि १०८०पीमधला फरक ज्याला दिसतो त्यानं डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन बक्षीस घ्यावं. हिशेब करून बघा. २४ मिनिटांचा भाग, चित्र सेकंदाला १ मेगाबिट, म्हणजे १८० एमबी. आवाज १२८ किलोबिट, म्हणजे आणखी २३ एमबी. साधारण २०० एमबीत एक भाग. बारा भागांची मालिका अडीच जीबीच्या आत बसते. ६४ जीबीच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपनं आधीच अर्धी जागा खाल्लेली असते, तिथे हा हिशेब महत्त्वाचा आहे.

सबटायटल: चार प्रकार

एसआरटी सगळ्यात साधा. क्रमांक, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, मजकूर, एक रिकामी ओळ. झालं. कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये, अगदी फोनवरही लिहिता येतो. जवळपास प्रत्येक प्लेअर आणि टीव्ही तो वाचतो. पण अक्षर कुठे, किती मोठं, कोणत्या फॉन्टमध्ये हे सगळं प्लेअरच्या मर्जीवर. ॲनिमेत एकाच वेळी पात्र बोलतं, मागे दुकानाची पाटी दिसते आणि वर फोनवरचा मेसेज उमटतो. एसआरटीमध्ये या तिन्ही गोष्टी खाली एकाच ढिगात येतात.

इथे मराठी कीबोर्डवाल्यांचा एक हमखास घोळ होतो. वेळेचे आकडे इंग्रजीच असायला हवेत. कीबोर्ड मराठीवर राहिला आणि वेळ देवनागरी आकड्यांत टाइप झाली, तर प्लेअर ती ओळच सोडून देतो. वेळेत सेकंदांनंतर स्वल्पविराम लागतो, टिंब नाही. टिंब लागतं ते वेबव्हीटीटीमध्ये.

वेबव्हीटीटी म्हणजे एसआरटीचा वेबसाइटवर राहायला गेलेला भाऊ. ब्राउझर आणि क्रोमकास्ट यांना तो लागतो. त्यात यूटीएफ-८ सक्तीचं आहे, हे आपल्या फायद्याचं. क्रोमकास्टवर पाठवणार नसाल तर याच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल.

एएसएस हा ॲनिमेवाल्यांचा लाडका. यात स्टाइल ठरवता येते, पाटीचं भाषांतर पाटीशेजारी ठेवता येतं, गाण्याचे शब्द सुराबरोबर रंगवता येतात. हे करायला एजिसब हे फुकट सॉफ्टवेअर वापरतात, त्याला कॉम्प्युटर लागतो. व्हीएलसी, एमपीव्ही आणि कोडी हे तिन्ही एएसएस दाखवायला लिबास नावाची एकच लायब्ररी वापरतात. त्यामुळे एकावर नीट दिसलं तर दुसऱ्यावरही बहुधा नीट दिसतं.

चौथा प्रकार चित्रांचा. डीव्हीडी आणि ब्लू-रेवरची सबटायटलं अक्षरं नसून चित्रं असतात. ती कुठेही तुटत नाहीत, पण दुरुस्तही करता येत नाहीत आणि फोनवर लहान दिसतात. आपण स्वतः बनवायच्या यादीतून हा प्रकार वगळा.

देवनागरी तुटते कुठे?

हा लेखाचा मुख्य भाग आहे, सावकाश वाचा.

फाइलमध्ये 'कि' हा आधी 'क' आणि मग वेलांटी असा साठवलेला असतो. पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. 'क्ष' म्हणजे क, हलन्त, ष अशी तीन चिन्हं, पण दिसायला एकच आकार. 'र्य'मधला र आधी साठवलेला असतो, दिसतो मात्र 'य'च्या डोक्यावर. ही अदलाबदल करणारं इंजिन प्लेअरमध्ये असावं लागतं. अक्षर जोडण्याच्या या कामाला शेपिंग म्हणतात आणि त्यासाठी हार्फबझ नावाची लायब्ररी सगळीकडे वापरली जाते. अँड्रॉइडमध्ये ती आहे, क्रोममध्ये आहे, व्हीएलसीमध्ये आहे. स्वस्त किंवा जुन्या टीव्हीच्या आतल्या प्लेअरमध्ये असेलच असं नाही. तिथे चिन्हं साठवल्या क्रमानं एकापुढे एक मांडली जातात. आजीनं पाहिलेले किडे हेच.

मराठीची स्वतःची दोन जास्तीची दुखणी आहेत. पहिलं दुखणं ऱ्याचं. 'आचार्यांना' म्हणजे गुरुजींना, 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरामधल्या. हा अर्धा र हिंदीत लागत नाही, म्हणून हिंदीसाठी बनवलेल्या काही फॉन्टमध्ये तो धड नसतो. समुद्रावरच्या ॲनिमेत दऱ्याखोऱ्या आल्या की गोंधळ ठरलेला. दुसरं दुखणं 'ॲ'चं. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, देवनागरीचा मूळ संच मात्र १९९१पासून आहे. जुन्या फॉन्टमध्ये 'ॲ' नाहीच, तिथे चौकोन दिसतो. काही जण 'अ' टाइप करून त्यावर चंद्र वेगळा लावतात. तो दिसायला सारखा, पण काही प्लेअरमध्ये मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. तेव्हा कीबोर्डवरचा अख्खा 'ॲ'च वापरा. थोडक्यात, 'ॲनिमे' हा शब्दच आपली पहिली परीक्षा आहे.

कोणत्याही नव्या फोन, टीव्ही किंवा प्लेअरसाठी मी एक वाक्य बनवून ठेवलंय. ते पाच सेकंदांच्या सबटायटलमध्ये टाकायचं आणि आधी तेवढंच चालवून बघायचं:

"आचाऱ्यांनी ॲनिमे बघताना शिऱ्यात द्राक्षं टाकली, आचार्यांना ते हृद्य वाटलं."

यात 'ऱ्या' दोनदा आहे, 'र्या' आहे, 'ॲ' आहे, पहिली वेलांटी आहे, 'द्र', 'क्ष', 'हृ' आणि 'द्य' आहेत. हे वाक्य नीट दिसलं तर पिक्चर बिनधास्त लावा. शिऱ्यात द्राक्षं घालतात का, ते विचारू नका.

बिघाडाच्या रूपावरून कारण ओळखता येतं. नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर फाइल चुकीच्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह झाली आहे. विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये 'एएनएसआय' निवडलं की मराठी अक्षरांची कायमची प्रश्नचिन्हं होतात. नोटपॅड आधी विचारतं, आपण न वाचता ओके दाबतो. ती फाइल परत मराठी होत नाही, मूळ प्रत शोधावी लागते. विंडोज १०च्या २०१९च्या अपडेटपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ घेतं, तरी सेव्ह करताना खाली एकदा नजर टाका. 'à¤'सारखी विचित्र युरोपीय अक्षरं दिसली तर फाइल ठीक आहे, प्लेअर चुकीचं वाचतोय. सेटिंगमध्ये सबटायटलचं एन्कोडिंग यूटीएफ-८ करा. चौकोन दिसले तर फॉन्ट नाही. वेलांट्या फिरल्या तर शेपिंग नाही, आणि हा रोग सेटिंगमधून बरा होत नाही.

आणखी एक जुनं खूळ म्हणजे लग्नपत्रिकेच्या दुकानातलं टायपिंग. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आतून रोमन अक्षरांचाच असतो, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचं सोंग देतो. तो सबटायटलमध्ये चिकटवला की फोनवर निरर्थक इंग्रजी दिसतं. असा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावा लागतो आणि त्यानंतर 'ऱ्या' व 'र्या' हातानं तपासावे लागतात.

फॉन्ट कोणता?

परवान्याची कटकट नको असेल तर खुल्या परवान्याचे फॉन्ट घ्या. ते एमकेव्हीत जोडायला कायद्यानं मोकळे आहेत. नोटो सान्स देवनागरी सगळीकडे मिळतो आणि त्यात काही चुकत नाही. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त मला संवादांसाठी जास्त आवडतो, कारण लहान आकारातही त्याची पोटं भरत नाहीत. त्यांचाच बालू गुबगुबीत आहे, विनोदी मालिकेतल्या पाट्यांना शोभतो. टीरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' आपल्या शाळेतल्या वळणाचे आहेत, पण त्याच्या रेषा बारीक असल्यानं हलत्या चित्रावर तो दबतो. लोहित देवनागरी, ज्याच्यावर रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी काम केलं, लिनक्सवर आधीपासून असतो.

इंग्रजी एएसएस फाइल घेऊन त्यात मराठी वाक्यं भरणार असाल तर स्टाइलमधलं फॉन्टचं नाव बदलायला विसरू नका. त्या रोमन फॉन्टमध्ये देवनागरी नसते. लॅपटॉप आपणहून दुसरा फॉन्ट शोधतो, फोनवर तो शोधला जाईलच याची खात्री नाही. मी याच खड्ड्यात दोनदा पडलोय.

आकाराचंही बघा. एएसएसमधला फॉन्टचा आकडा अक्षराची उंची मोजत नाही, फॉन्टची वरची-खालची राखीव जागाही त्यात धरतो. देवनागरी फॉन्टमध्ये मात्रा आणि उकारांसाठी ही जागा जास्त असते. त्यामुळे इंग्रजीला ४८ पुरत असेल तर मराठीला तोच ४८ बारका दिसतो. ७२०च्या मांडणीत ५६ ते ६०पासून सुरुवात करा आणि फोन हातभर लांब धरून वाचून बघा. काळी किनार दोन-तीन पॉइंटची ठेवा. त्याहून जाड केली की 'ष' आणि 'प' सारखेच दिसायला लागतात. ओळी दोनच, आणि एका ओळीत ३५-४० अक्षरांपेक्षा जास्त नको.

गाण्यासाठी कराओके करत असाल तर शब्द अक्षरागणिक तोडा, चिन्हागणिक नाही. 'स्वप्न' तोडायचं तर 'स्व' आणि 'प्न'. हलन्ताच्या मागे टॅग घुसवलात की जोडाक्षर तिथेच फुटतं. एजिसब हे आपणहून नीट करत नाही, हातानं बघावं लागतं.

भाजलेलं की सुटं?

सुटं सबटायटल बंद करता येतं, चूक सापडली तर सुधारता येतं, फाइल जेमतेम शंभर केबी. भाजलेलं म्हणजे अक्षरं चित्रातच मिसळलेली. ती काढता येत नाहीत आणि व्हिडिओ परत एन्कोड झाल्यामुळे चित्र थोडं उतरतं. जगभरचे जाणकार भाजलेल्याला नाकं मुरडतात. मीही मुरडायचो. आजीच्या टीव्हीनंतर मत बदललं. शेपिंग न येणाऱ्या पडद्यावर देवनागरी दाखवायचा खात्रीचा मार्ग हा एकच आहे, कारण अक्षर जोडण्याचं काम तुमच्या कॉम्प्युटरनं आधीच उरकलेलं असतं.

भाजायला हँडब्रेक पुरतं. सबटायटलच्या भागात एएसएस फाइल घ्या, 'बर्न इन'वर खूण करा. चित्रासाठी एच.२६४ निवडा, त्यातही साधं, १०-बिट लिहिलेलं नाही. 'ट्यून'मध्ये ॲनिमेशन निवडा. डबा एमपी४. अशी फाइल दहा वर्षं जुन्या टीव्हीवरही चालण्याची शक्यता फार जास्त. पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर एक फाइल ४ जीबीच्या आतच हवी, नाहीतर कॉपीच होत नाही.

फोनवर सुटं सबटायटल लावताना व्हिडिओ आणि एसआरटी यांचं नाव तंतोतंत एक ठेवा, दोन्ही एकाच फोल्डरमध्ये. अँड्रॉइड ११पासून प्लेअरला सगळ्या फाइल्स बघायची परवानगी वेगळी द्यावी लागते. ती दिली नाही तर शेजारी पडलेली एसआरटी त्याला दिसतच नाही आणि आपण उगाच फाइलला शिव्या घालतो.

सबटायटल सुरुवातीला जुळतंय आणि पुढे सरकत जातंय? मग तुमच्या व्हिडिओचा वेग आणि ज्यावर सबटायटल बेतलं त्याचा वेग वेगळा आहे. ॲनिमे बहुधा सेकंदाला २३.९७६ फ्रेमचं असतं. सबटायटल २५ फ्रेमच्या प्रतीसाठी असेल तर २४ मिनिटांच्या शेवटी जवळपास मिनिटभर फरक पडतो. सगळ्या ओळी पुढे-मागे ढकलून हे सुटत नाही. सबटायटल एडिटमध्ये फ्रेम रेट बदलायची सोय आहे, ती वापरा. फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच असेल तर मात्र नुसतं ढकलणं पुरतं, ते व्हीएलसीतही होतं.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं की ते चित्र पुन्हा दाबतं, भाजलेली अक्षरंही पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २०२२पासून २ जीबीपर्यंतची फाइल जाते.

कायद्याचं काय?

हे टाळून पुढे जाणं बरोबर नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात भाषांतराचा हक्क मूळ मालकाचा आहे. म्हणजे भाग डाउनलोड करून, त्यावर मराठी लावून टेलिग्रामवर वाटणं हा गुन्हा ठरू शकतो. कलम ६३मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड लिहिलाय. 'पैसे घेतले नाहीत' म्हणून हक्काचा प्रश्न मिटत नाही. नुसती सबटायटलची फाइल वाटणंही पूर्ण सुरक्षित नाही, कारण संवाद मालकाचेच आहेत.

दुसरी बाजूही खरी आहे. क्रंचीरोल हिंदी, तमिळ, तेलुगूत डब देतं. २०२५च्या सप्टेंबरमध्ये 'डीमन स्लेअर'चा 'इन्फिनिटी कासल' भारतात लागला तो जपानी, इंग्रजी आणि याच तीन भाषांत. त्याच वर्षी जानेवारीत युगो साको आणि राम मोहन यांचा भारत-जपान 'रामायण' ४केमध्ये परत आला, तेव्हाही मराठी नव्हती. मागणी दिसली की भाषा येते, आणि अधिकृत ठिकाणी बघितलेलं तिथे मोजलं जातं. यूट्यूबवर म्युझ इंडिया हे अधिकृत चॅनेल फुकट ॲनिमे दाखवतं, ते बघा आणि खाली मराठीची मागणी मराठीतच लिहा.

हात बसवायला खुल्या परवान्याचे सिनेमे घ्या. ब्लेंडर फाउंडेशनचा 'सिंटेल', २०१० सालचा, सुमारे पंधरा मिनिटांचा. संवाद मोजके, एका संध्याकाळी मराठी होतो, आणि श्रेय देऊन तो उघडपणे वाटता येतो. ॲनिमेसारखीच शैली हवी असेल तर रशियातला मोरेव्हना प्रकल्प आहे, तोही खुल्या परवान्याचा.

मी पुढच्या खेपेला वरवंडला 'सिंटेल'च नेला. भाजलेली एमपी४, मुक्त फॉन्ट, आकार ६०. आजीनं शेवटपर्यंत बघितला आणि एकच सुधारणा सांगितली: "ती पोरगी म्हाताऱ्याला 'तू' म्हणती, ते 'तुम्ही' कर." लॅपटॉपवर एएसएस उघडली, तीन ओळी बदलल्या, परत भाजायला लावलं. पंधरा मिनिटांचा सिनेमा, चहा होईपर्यंत झालं.